पालगडचे साने गुरुजी आणि आंतरभारती

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात निरनिराळ्या प्रांतांची नृत्ये होतात, सर्वधर्म प्रार्थना होते, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी मंडप उतरतो. विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या भाषा, गाणी आणि सणवार आपले मानावेत, हा विचार महाराष्ट्रात ज्यांनी जीव तोडून मांडला ते साने गुरुजी आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांचे नाव घेतले की आपल्याला ‘श्यामची आई’ आठवते, डोळ्यांत पाणी येते आणि बहुतेकांचे साने गुरुजी तिथेच संपतात. मला मात्र वसतिगृहातले गुरुजी अधिक जवळचे वाटतात.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोताचे, पण वैभव ओसरलेले आणि डोक्यावर कर्ज. दापोलीच्या मिशन शाळेत शिकत असताना पैशाची चणचण भासू लागली. गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे ऐकून हा मुलगा घाट चढून दूर औंध संस्थानात गेला. तेथे प्लेगने गाठले. मग पुण्याचे नूतन मराठी विद्यालय, अर्धपोटी दिवस आणि आईची आठवण. १९१७ मध्ये ती माउली गेली. १९१८ मध्ये मुलगा मॅट्रिक झाला. घरातून कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढणाऱ्या आमच्यासारख्यांना ही ओढाताण कोणी समजावून सांगायला नको.

बी. ए. झाल्यावर ते खानदेशात अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात गेले, एम. ए. झाले आणि १९२४ मध्ये तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून लागले. पुढे वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि तेथे खरे गुरुजी घडले. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे आवरणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे ही कामे हा एम. ए. झालेला शिक्षक स्वतः करी. मुलांना बोलून लाजवण्यापेक्षा करून दाखवावे, अशी त्यांची रीत होती. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. दैनिक! आपले भित्तिपत्रक महिन्यातून एकदा लागताना संपादक मंडळाची कशी दमछाक होते ते आपण पाहतोच. गुरुजी रात्री जागून एकटे लिहीत आणि सकाळी मुलांना ते वाचायला मिळे. त्यात गोष्टी असत, थोरांची चरित्रे असत, जगातल्या घडामोडी असत. पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिकही त्यांनी चालवले. ‘धडपडणारी मुले’ ही कादंबरी याच अनुभवातून आली.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. पगाराची नोकरी म्हणजे काय हे गरिबाच्या पोराला ठाऊक असते, म्हणून या त्यागाचे मोल मला मोठे वाटते. धुळ्याहून त्यांना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात हलवले. तेथे दक्षिणेतील नाना भाषा बोलणारे कैदी होते. सारे एकाच देशासाठी तुरुंगात आलेले, पण एकाचे सुखदुःख दुसऱ्याला कळत नव्हते. ही खंत गुरुजींना लागून राहिली. त्यांनी तमिळ भाषेचा अभ्यास आरंभला आणि तिरुवल्लुवरांचे ‘कुरल’ मराठीत आणले. आंतरभारतीचे बीज येथे पडले.

दुसऱ्या धर्माविषयीही त्यांची हीच वृत्ती होती. ‘भारतीय संस्कृती’ लिहिणाऱ्या या माणसाने महंमद पैगंबरांचे जीवन आणि इस्लामी संस्कृती यांवरही तितक्याच आदराने ग्रंथ लिहिला. शेजाऱ्याबद्दल ऐकीव गोष्टी बोलण्याआधी त्याचे काही वाचावे, ही साधी गोष्ट त्यांनी प्रत्यक्षात केली. आणि जेथे स्वधर्मीयांनाच दार बंद होते तेथे ते स्वस्थ बसले नाहीत. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला. दौऱ्यात सेवादलाच्या कलापथकातली तरुण मुले गात, खेळ करीत. शेवटी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात गुरुजींनी उपोषण सुरू केले. दहाव्या दिवशी मंदिर खुले होण्याची ग्वाही मिळाली तेव्हाच ते सुटले. मेळे आणि कलापथके हा नुसता करमणुकीचा मामला नसतो, हे त्या दौऱ्याने दाखवून दिले.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनासारखे एक स्थान असावे, तेथे प्रांतोप्रांतीच्या मुलांनी एकत्र राहावे, एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, नृत्यगीतांत रमावे, असे ते स्वप्न होते. यातले नृत्यगीत आपण उचलले. भाषा शिकणे जड म्हणून मागे ठेवले, असे मला स्पष्ट वाटते. रत्नागिरीत मराठी शाळेतली आणि उर्दू शाळेतली कितीतरी मुले कॉलेजातच प्रथम एका बाकावर येतात. बाक एक झाला, पण एकमेकांची लिपी वाचता येणारे किती निघतील?

गांधीजींच्या हत्येनंतर गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले होते. तो घाव भरला नाही. देशातील दुही पाहून ते खचत गेले आणि ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी आपली जीवनयात्रा स्वतःच संपवली. वय अवघे पन्नास. आंतरभारतीची इमारत त्यांनी पाहिली नाही.

नंतरची कामे इतरांनी केली. प्रकाशभाई मोहाडीकर यांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली आणि शाळाशाळांतून तिच्या शाखा निघाल्या. मुले जमतात, गोष्टी ऐकतात, सांगतात. यदुनाथ थत्ते यांनी आंतरभारतीचे काम पुढे नेले. रायगड जिल्ह्यात माणगावजवळ वडघर येथे गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक उभे राहिले. आणि पालगडचे ते घर अजून आहे. कर्जापायी ज्या घराची अब्रू गेली होती, ते आता स्मारक म्हणून जपले आहे. दापोलीला जाणाऱ्या आमच्या सहलीने तिकडे वाट वाकडी करावी, अशी सहल समितीला विनंती आहे.