कान्होजी आंग्रे

कान्होजी आंग्रे (इ.स. १६६९ – ४ जुलै १७२९) हे मराठा आरमाराचे सरखेल होते. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे नाव रूढ झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते आणि कान्होजींचे बालपण सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले.

सतराव्या शतकाच्या अखेरीस सिधोजी गुजर यांच्यानंतर आरमाराची सूत्रे त्यांच्या हाती आली. आरंभी ते ताराबाईंच्या पक्षात होते. इ.स. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने त्यांनी शाहू महाराजांचे स्वामित्व मान्य केले. सरखेली व किनाऱ्यावरील किल्ले त्यांच्याकडे कायम राहिले.

कुलाबा किल्ला आणि पाणी

त्यांचे मुख्य ठाणे अलिबागसमोरील कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी इ.स. १६८० मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले होते. भरतीला चहूबाजूंनी समुद्र आणि ओहोटीला पायवाट, अशी त्याची स्थिती आहे. अशा जागी तोफा आणि दारूगोळा बाहेरून आणता येतो, पिण्याचे पाणी मात्र वेढ्याच्या काळात आणता येत नाही. तटाच्या आत गोड्या पाण्याची विहीर व पुष्करणी आहे. चरित्रकार लढायांचे वर्णन विस्ताराने करतात, या विहिरीचा उल्लेख मात्र ओझरता येतो. वास्तविक तिच्यावाचून हे ठाणे टिकले नसते.

याचे कारण खडकात आहे. हा किनारा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झालेल्या बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. अखंड कातळात पाणी मुरत नाही. झिजलेल्या थरात व भेगांत ते साठते. गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने मुरलेला पाऊस खाली शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावर तरंगतो. उपसा बेताचा असेपर्यंत विहीर गोडी राहते. तो वाढला की खालचे खारे पाणी वर चढते. खडकाच्या झिजेतून आलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट हे या पाण्याचे मुख्य क्षार होत. समुद्राचा शिरकाव झाला की सोडियम व क्लोराइड वरचढ होतात.

मुख्य भूमीवरही हाच भेद दिसतो. अष्टागरातील पुळणीमागच्या वाळूत पाऊस सहज मुरतो, म्हणून तेथील विहिरींवर नारळी-पोफळीच्या वाड्या पोसल्या गेल्या. पूर्वेकडील खारेपाटातील चिकणमातीत भरतीचे क्षार राहिल्याने विहिरी मचूळ लागतात. अली नावाच्या धनिकाने खोदविलेल्या विहिरी व लावलेल्या बागा यांवरून अलिबाग हे नाव पडले, अशी परंपरा आहे.

युद्धे व अखेर

मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने विजयदुर्ग (१७१७) व खांदेरी (१७१८) यांवर केलेल्या मोहिमा फसल्या. इ.स. १७२० मध्ये कान्होजींनी अलिबागेत हिराकोट बांधला. पुढल्याच वर्षअखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चढाई केली. इंग्रजांच्या साहाय्यास कमोडोर मॅथ्यूज शाही नौदलाची जहाजे घेऊन आला होता. बाजीराव पेशवे सैन्यासह कान्होजींच्या मदतीस धावले. पोर्तुगिजांनी स्वतंत्र तह केला आणि इंग्रजांना माघार घ्यावी लागली.

इंग्रजी कागदपत्रे त्यांना चाचा म्हणतात. स्वराज्याच्या समुद्रावर परवाने देण्याचा अधिकार बजावणाऱ्या सरखेलास हे विशेषण अन्यायाचे आहे.

कान्होजींच्या पश्चात सेखोजी सरखेल झाले. पुढे संभाजी व मानाजी या बंधूंच्या कलहात आरमार विभागले गेले. कान्होजींची समाधी अलिबाग येथे आहे. मुंबईतील भारतीय नौदलाच्या तळास इ.स. १९५१ मध्ये आंग्रे हे नाव देण्यात आले.