पोहणारे जिवाणू पाहणारा कापडवाला

अँटनी व्हॅन लेव्हेनहूक यांचा जन्म १६३२ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे झाला. धंदा कापडाचा; विद्यापीठाचे शिक्षण नाही, लॅटिनही येत नव्हते. स्वतः घडवलेल्या इवल्या भिंगांतून त्यांनी पाण्यातले सूक्ष्म जीव पाहिले आणि १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. तिथे कुणाला पटेना. पुढच्या वर्षी रॉबर्ट हुक यांनी तेच जीव दाखवले, तेव्हा शंका फिटली. १६८० मध्ये सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. १६८३ मध्ये दातांवरच्या किटणातही त्यांना असे जीव पोहताना दिसले.

ते पोहतात कसे, हे मात्र त्या भिंगांतून कळणे शक्य नव्हते. जिवाणूच्या शेपटीच्या मुळाशी फिरणारी मोटर असते, हे १९७४ मध्ये सिद्ध झाले. धरणाच्या पाण्यावर टर्बाइन फिरते, तशी ही मोटर पेशीत शिरणाऱ्या हायड्रोजन आयनांच्या ओघावर फिरते. पटकीच्या जिवाणूत हेच काम सोडियमचे आयन करतात.

लेव्हेनहूक १७२३ मध्ये, नव्वदीत वारले. निरीक्षणाची आपली उत्तम पद्धत त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. ती सांगितली असती, तर रोगजंतूंची ओळख कदाचित लवकर पटली असती.