कुळांचे पत्र

रेवदंड्याच्या कोटापाशी एका अंगास नारळी-पोफळीच्या वाड्या आणि दुसरीकडे कुंडलिकेची खाडी दिसते. मुंबईचा प्रवासी एवढेच पाहून परततो. याच अलिबाग तालुक्याच्या खारजमिनींनी एका वृत्तपत्राला आणि एका वजनदार घराण्याला जन्म दिला, याची त्याला वार्ता नसते.

त्या घराण्याचे मूळ पुरुष नारायण नागू ऊर्फ अप्पासाहेब पाटील. खाडीचे पाणी थोपविणारे बांध कुळांनी घालावेत, चिखल कुळांनी तुडवावा आणि पिकलेल्या भाताचा मोठा वाटा खंड म्हणून खोत-सावकारांच्या कोठारात जावा, ही तेथील रीत होती. अप्पासाहेबांनी ही कुळे संघटित केली. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीच्या सभेत जमीन न कसण्याचा निर्धार झाला. पंचवीस गावे त्यात उतरली. गिरणीतला संप आपण शहरवासी महिन्यांनी मोजतो. हा संप १९३९ पर्यंत टिकला! शेते ओसाड पडली. माणसे रानातल्या मोळ्या विकून आणि खाडीतली मासळी धरून जगली. आमच्या शिक्षकीच्या काळात हाती असलेल्या क्रमिक पुस्तकात बार्डोली होती, चरी नव्हती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कुळांना पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कुळांची बाजू छापील शब्दांत मांडणारे साधन हवे, म्हणून त्याच वर्षी अप्पासाहेबांनी 'कृषीवल' काढले. पुढे महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनी प्रश्नात लक्ष घातले, १९३९ चा कूळकायदा आला आणि १९४८ च्या कायद्याने कुळांचा जमिनीवरील हक्क अधिक पक्का केला.

अप्पासाहेबांमागून प्रभाकर पाटील आणि नंतरची पिढी यांनी पत्रही चालविले व शेतकरी कामगार पक्षही. मीनाक्षी पाटील मंत्रिपदापर्यंत पोचल्या. येथे आमचे मत स्पष्ट सांगितले पाहिजे. पत्र, पक्ष आणि घर एकाच हाती आले की विरोधकाची बाजू मांडण्यास जागा अपुरी पडते. घराण्याने चालविलेल्या कोणत्याही पत्राला हे चुकत नाही. तरी जाहिरातदाराच्या पैशावर निघालेले पत्र आणि नांगर खाली ठेवलेल्या कुळांसाठी निघालेले पत्र एकाच मापाने आम्ही मोजणार नाही. त्या पत्राच्या पहिल्या वाचकांपैकी कित्येकांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यासाठी ते दुसऱ्या कुणी तरी मोठ्याने वाचावे लागे.