बाबू हरदास एल. एन. : विडी कामगारांचे आमदार

‘जयभीम’ हे अभिवादन रूढ करणारे म्हणून बाबू हरदास एल. एन. आपल्या तरुणांना माहीत आहेत. पण विडी कामगारांचे संघटक आणि निवडून आलेले आमदार ही त्यांची ओळख मागे पडली आहे. मतदार याद्या आणि कामगार कायदे यांवर वाद सुरू असताना आम्हाला हीच ओळख जास्त मोलाची वाटते.

हरदास लक्ष्मणराव नगराळे यांचा जन्म ६ जानेवारी १९०४ रोजी कामठीत झाला. वडील रेल्वेत कारकून. नागपूरच्या पटवर्धन हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले. नोकरीत स्थिरावण्याऐवजी त्यांनी तरुणपणीच साप्ताहिक काढले, कामठीत रात्रशाळा आणि संत चोखामेळा वाचनालय सुरू केले.

कामठी, नागपूर, रामटेक भागात आपली असंख्य घरे विडीवर जगत. हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली. त्यातूनही खराब म्हणून विड्या बाजूला काढल्या जात आणि त्यांचे पैसे बुडत. एकटी बाई ठेकेदाराशी काय भांडणार? बाबूंनी मध्य प्रांत बिडी मजदूर संघ उभा केला. सहकारी तत्त्वावर विडीचे काम चालवून पाहिले. आपल्या वतीने कोणी बोलावे हे मालकाने नव्हे, कामगाराने ठरवायचे, हा या कामाचा अर्थ होता.

राजकारणातही त्यांची भूमिका हीच राहिली. गोलमेज परिषदेच्या वेळी अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोण, हा वाद पेटला. तेव्हा बाबासाहेबच आमचे नेते, अशा तारा ब्रिटिश पंतप्रधानांना पाठवण्यात ते पुढे होते.

१९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते नागपूर-कामठीतून मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून आले. पण १९३५ च्या कायद्यानुसार मताचा अधिकार मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींवर अवलंबून होता. दलितांसाठी अटी थोड्या सैल असल्या, तरी ज्यांच्यासाठी बाबू लढले त्यातल्या अनेकांना मतच नव्हते. १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ३५. सर्व प्रौढांना मताधिकार देणारी १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक त्यांना पाहता आली नाही.

आज संपत्तीची अट नाही, पण कागदाची आहे. आमच्या वस्त्यांत अनेकांना वाटते, मतदार कार्ड आहे म्हणजे झाले. तसे नाही. कार्ड असूनही यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. उलट यादीत नाव असेल, तर कार्डाऐवजी आयोगाने मान्य केलेले दुसरे ओळखपत्र चालते. भाड्याची खोली बदलणाऱ्या मजुराचे नाव यादीतून सहज सुटते.

कामगार संघटनेचेही तेच. नव्या औद्योगिक संबंध संहितेत, एकाहून अधिक संघटना असतील तेथे हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटी करणार. मग ज्यांचे नाव हजेरीपटावरच नाही, त्या घरी काम करणाऱ्या आणि ठेक्यावरच्या बायकांना कोण मोजणार? संघटनेत जायचे की नाही, कोणत्या संघटनेत जायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण त्यासाठी आधी कामगार म्हणून नोंद हवी.

दर जानेवारीत कन्हान नदीकाठी बाबूंच्या स्मारकावर आपण मोठ्या संख्येने जमतो. यंदा जाण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतील दहा घरांची नावे मतदार यादीत तपासावीत, सुटलेल्यांचा फॉर्म ६ भरून घ्यावा. त्याच घरांत कोण कुठे काम करते आणि हजेरी कुठे लागते, हेही विचारावे. बाबूंचे काम तिथूनच पुढे जाईल.

जयभीम!