रिमोटची गाडी, केळीची मोटार आणि निकोला टेस्ला : दोन्हींमागे एकच डोके कसे?

जळगाव किंवा धुळ्यात खेळण्यांच्या दुकानात गेलात, तर रिमोटवर धावणारी गाडी हमखास दिसते. बहुतेक मुलांचा हा नाद दोन-चार महिन्यांत सुटतो. काहींचा मात्र वाढत जातो. ते मोटार बदलतात, टायर बदलतात, सस्पेन्शन जुळवतात आणि एक दिवस शर्यतीत उतरतात. जगभर हा मोठ्यांचाही छंद आहे.

या छंदाचे मूळ १८९८ सालच्या न्यूयॉर्कमध्ये, पाण्याच्या एका हौदात तरंगणाऱ्या छोट्या होडीत सापडते. ती होडी निकोला टेस्ला यांनी बनवली होती. रावेर-यावलच्या केळीला विहिरीतून पाणी देणारी थ्री फेज मोटारही ज्या तत्त्वावर फिरते, त्याचे पेटंट याच माणसाच्या नावावर होते. तरीही ते हॉटेलच्या एका खोलीत, एकटे आणि कर्जबाजारी अवस्थेत गेले. असे का झाले, हे समजून घेऊ.

टेस्ला कोण होते?

निकोला टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान या खेड्यात झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज ते क्रोएशियात आहे. कुटुंब सर्बियन. वडील चर्चमध्ये धर्मगुरू होते. आई शाळेत गेलेली नव्हती, पण घरकामाची अवजारे स्वतः बनवायची. आपल्याला यंत्रांची ओढ आईकडून मिळाली, असे टेस्ला मानत.

मुलाने धर्मगुरू व्हावे, ही वडिलांची इच्छा होती. १८७३ मध्ये टेस्ला कॉलऱ्याने अंथरुणाला खिळले. बरा झालास तर इंजिनीअरिंगला पाठवतो, असा शब्द वडिलांनी दिला. मुलगा बरा झाला आणि १८७५ मध्ये ग्राझच्या तंत्रशाळेत दाखल झाला. पदवी मात्र त्यांनी पूर्ण केली नाही.

फिरत्या चुंबकाची कल्पना कशी सुचली?

ग्राझमध्ये वर्गात एक डीसी यंत्र दाखवले गेले. त्याच्या फिरत्या भागाला वीज देण्यासाठी ब्रश घासत होते आणि ठिणग्या उडत होत्या. ब्रश काढूनच टाकता येणार नाहीत का, असा विचार टेस्ला यांच्या मनात आला. प्राध्यापकांनी ते अशक्य असल्याचे सांगितले.

उत्तर सापडायला काही वर्षे गेली. १८८२ मध्ये बुडापेस्टच्या एका बागेत मित्रासोबत फिरताना त्यांना ते सुचले. एसी वीज ठरावीक अंतराने मागे-पुढे चालणाऱ्या दोन किंवा तीन प्रवाहांत दिली, तर स्थिर गुंडाळ्यांमध्ये चुंबकीय क्षेत्र आपोआप गोल फिरू लागते. मधल्या भागात त्यामुळे वीज निर्माण होते आणि तो त्या क्षेत्रामागे फिरत राहतो. ब्रशही लागत नाहीत आणि ठिणग्याही उडत नाहीत. हीच इंडक्शन मोटार.

इटलीचे गॅलिलिओ फेरारिस हेही स्वतंत्रपणे याच कल्पनेपर्यंत पोहोचले होते. व्यवहारात उतरेल अशी संपूर्ण यंत्रणा आणि तिची पेटंट मात्र टेस्ला यांच्या नावावर झाली.

अमेरिकेत काय घडले?

१८८४ मध्ये टेस्ला न्यूयॉर्कला आले आणि एडिसन यांच्या कंपनीत लागले. एडिसन डीसी विजेचे पुरस्कर्ते होते. काही महिन्यांतच टेस्ला यांनी नोकरी सोडली. भागीदारीत काढलेली पहिली कंपनी हातातून गेली आणि काही काळ त्यांच्यावर चर खोदण्याची मजुरी करण्याची वेळ आली.

मे १८८८ मध्ये त्यांना एसी मोटारीची पेटंट मिळाली. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी व्याख्यान दिले. उद्योजक जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी लगेच हक्क घेतले. करारात प्रत्येक हॉर्सपॉवरमागे अडीच डॉलर रॉयल्टी ठरली होती. पुढे कंपनी अडचणीत आल्यावर टेस्ला यांनी ही रॉयल्टी सोडून दिली आणि १८९७ मध्ये २,१६,००० डॉलर एकरकमी घेऊन हक्क देऊन टाकले. त्या वेळी ही रक्कम मोठी होती. जगभर किती मोटारी बसल्या हे पाहिले, तर मात्र ती किरकोळ ठरते.

१८९३ चे शिकागोचे जागतिक प्रदर्शन एसी विजेने उजळले. १८९६ मध्ये नायगरा धबधब्यावर तयार झालेली वीज बफेलो शहरात पोहोचली. एसी-डीसीचा वाद तिथे जवळपास मिटला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये टेस्ला यांची स्वामी विवेकानंदांशी भेट झाली होती.

हौदातली होडी कशी चालली?

१८९५ मध्ये टेस्ला यांची प्रयोगशाळा आगीत जळाली. यंत्रे, टिपणे सगळे गेले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि बिनतारी लहरींकडे वळले. त्याच सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशाच लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली होती. टेस्ला यांना दूरवरून यंत्र चालवायचे होते.

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १८९८ च्या विद्युत प्रदर्शनात त्यांनी हौदात सुमारे चार फूट लांबीची होडी सोडली. होडीत बॅटरी होती, पंखा फिरवणारी मोटार होती, सुकाणू वळवणारी दुसरी मोटार होती आणि वर अँटेना होती.

लहर ओळखण्याचे काम कोहेरर नावाची छोटी नळी करायची. तिच्यात धातूचे बारीक कण असत. एरवी त्यांतून वीज जात नसे. लहर आली की कण एकमेकांना चिकटल्यासारखे होत आणि वीज वाहू लागे. त्या इशाऱ्यावर एक चकती एक घर पुढे सरके. एका घरात सुकाणू डावीकडे वळे, पुढच्यात सरळ होई, त्यापुढच्यात उजवीकडे जाई. मग नळी उलटी होऊन कण पुन्हा सुटे होत आणि होडी पुढच्या इशाऱ्याची वाट पाही.

आजच्या रिमोट गाडीतही साखळी हीच आहे : हातातला ट्रान्समीटर, गाडीतला रिसीव्हर, चाक वळवणारी मोटार आणि वेग देणारी मोटार.

लोकांना ती जादू का वाटली?

कारण रेडिओ हा शब्दच तेव्हा लोकांना माहीत नव्हता. होडीला तार नाही, आत माणूस मावत नाही, मग ती वळते कशी? कोणी म्हणाले मंत्र, कोणी म्हणाले मनोबल, तर कोणी आत शिकवलेले माकड असल्याचा तर्क केला. टेस्ला यांनीही गंमत केली. प्रेक्षकांनी होडीला गणित घालायचे आणि होडीने दिवे लुकलुकवून उत्तर द्यायचे. चौसष्टचे घनमूळ विचारल्यावर दिवा चार वेळा लागला, असा किस्सा सांगितला जातो. अर्थात बटण टेस्ला यांच्याच हातात होते.

८ नोव्हेंबर १८९८ रोजी या शोधाला अमेरिकेचे पेटंट मिळाले. त्यात फक्त होडी नव्हती, चालती वाहनेही धरलेली होती.

मग हा शोध विकला का गेला नाही?

टेस्ला यांना वाटले होते की नौदल ही कल्पना उचलून धरेल. पण अधिकाऱ्यांना ती खेळणे वाटली. पेटंटची मुदत १७ वर्षे होती. ती १९१५ मध्ये संपली. माणसाशिवाय चालणाऱ्या यंत्रांकडे सैन्यदले नेटाने वळली, तोवर टेस्ला यांना त्यातून काही मिळण्याची सोय उरली नव्हती.

दरम्यान स्पेनचे लिओनार्दो तोरेस केवेदो यांनी १९०४ मध्ये तीनचाकी गाडी रेडिओने चालवून पाहिली. अंतर होते अवघे २० ते ३० मीटर. जमिनीवर धावणाऱ्या रिमोट गाडीचा हा पूर्वज म्हणता येईल.

दुसऱ्याच्या रिमोटने आपली गाडी का चालत नाही?

हा प्रश्नही टेस्ला यांनी तेव्हाच ओळखला होता. एकच लहर असेल, तर कोणीही होडी पळवून नेईल. म्हणून त्यांनी दोन वेगवेगळ्या लहरी एकाच वेळी आल्या तरच यंत्र हलेल अशी रचना सुचवली. तिची पेटंट त्यांना १९०३ मध्ये मिळाली. दोन किल्ल्या लागल्याशिवाय न उघडणाऱ्या कुलपासारखी ही युक्ती होती.

शर्यतींमध्ये ही अडचण पुढे खरोखरच आली. जुन्या संचांत प्रत्येक गाडीला वेगळी फ्रिक्वेन्सी लागे आणि त्यासाठी क्रिस्टल बदलावे लागत. दोघांची फ्रिक्वेन्सी एकच निघाली, तर गाडी भरधाव जाऊन आदळे. म्हणून आपली पाळी येईपर्यंत रिमोट बंद ठेवण्याची किंवा जमा करण्याची शिस्त होती. आजचे संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. रिमोट आणि रिसीव्हर आधी एकमेकांशी जोडून घेतात आणि बरेच संच सतत चॅनेल बदलत राहतात. त्यामुळे दहा गाड्या एकत्र धावल्या तरी गोंधळ होत नाही. भारतात या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणे वापरण्यासाठी २००५ पासून वेगळा परवाना लागत नाही.

शर्यतीची गाडी वेगळी कशी असते?

दुकानातल्या साध्या गाडीत वेग बहुधा पूर्ण किंवा शून्य असतो आणि बिघडली की सुटे भाग मिळत नाहीत. छंदाच्या गाडीत वेग आणि वळण हळूहळू कमी-जास्त करता येते आणि प्रत्येक भाग बदलता येतो. १:१० आणि १:८ ही मापे जास्त चालतात. १:१० म्हणजे साडेचार मीटरची मोटारगाडी ४५ सेंटिमीटरची होते.

१९६६ मध्ये इटलीतल्या एल-जी कंपनीने फेरारीची रिमोट गाडी बाजारात आणली. १९७६ मध्ये जपानच्या तामिया कंपनीची पोर्शे आली आणि हा छंद घराघरांत पोहोचू लागला.

शर्यतीत चालक उंच मंचावर उभे राहतात. गाडीत एक छोटा ट्रान्सपाँडर असतो. ट्रॅकखालच्या तारेवरून गाडी गेली की फेरीची वेळ आपोआप नोंदली जाते. उलटलेली गाडी सरळ करायला वळणावळणांवर मार्शल उभे असतात आणि हे काम बहुतेक ठिकाणी इतर फेऱ्यांतले स्पर्धकच करतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या गाड्यांच्या लिथियम पॉलिमर बॅटरी तिच्यासाठीच्याच चार्जरवर आणि डोळ्यांसमोर चार्ज कराव्यात. फुगलेली बॅटरी वापरू नये. खान्देशच्या उन्हाळ्यात त्या बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवणे धोक्याचे असते.

थ्री फेजचा या गाडीशी काय संबंध?

वेगवान रिमोट गाडीच्या ब्रशलेस मोटारीला तीन तारा असतात. बॅटरीच्या डीसी विजेपासून गाडीतले सर्किट तीन पाळ्यांत प्रवाह सोडते आणि चुंबकीय क्षेत्र गोल फिरते. मधला भाग कायमचुंबकाचा असतो, एवढाच फरक. विहिरीवरच्या थ्री फेज मोटारीत मधला भाग चुंबक नसतो, त्यात वीज आपोआप निर्माण होते. पण फिरते क्षेत्र दोन्हीकडे तेच, बुडापेस्टच्या बागेत सुचलेले.

म्हणूनच एक फेज गेला की विहिरीवरची मोटार गुरगुरते, सुरू होत नाही आणि तशीच ठेवली तर जळते. क्षेत्र नीट फिरतच नाही. दोन फेजच्या तारांची अदलाबदल झाली की मोटार उलटी फिरते, त्याचेही कारण हेच. ब्रशलेस गाडी मागे पळू लागली, तर छंदी मुलेही तीनपैकी दोन तारा बदलूनच ती सुधारतात.

शेवटची वर्षे कशी गेली?

१९०१ मध्ये टेस्ला यांनी न्यूयॉर्कजवळ वॉर्डनक्लिफ येथे प्रचंड मनोरा उभारायला घेतला. संदेशच नव्हे, तर वीजही बिनतारी पाठवायची होती. जे. पी. मॉर्गन यांनी १,५०,००० डॉलर दिले. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी खूपच स्वस्त साधनांनी अटलांटिकपार संदेश पाठवल्याचे जाहीर केले आणि मॉर्गन यांनी पुढचे पैसे दिले नाहीत. मनोरा १९१७ मध्ये पाडला गेला. १९०९ चे नोबेल मार्कोनी आणि ब्राउन यांना मिळाले.

टेस्ला यांनी लग्न केले नाही. बिले थकली की ते हॉटेल बदलत. उतारवयात कबुतरांना दाणे घालणे हाच त्यांचा विरंगुळा होता. शेवटची काही वर्षे खोलीचे भाडे वेस्टिंगहाऊस कंपनी भरत होती. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कर हॉटेलच्या ३३२७ क्रमांकाच्या खोलीत त्यांचे निधन झाले. वय ८६. पाच महिन्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनी यांच्या एका पेटंटमधले महत्त्वाचे दावे रद्द केले. टेस्ला यांच्यासह इतरांचे काम आधीचे असल्याचे त्यात मान्य झाले. १९६० मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या एककाला टेस्ला हे नाव देण्यात आले.

आपल्याला यातून काय मिळाले?

शोध लागणे आणि त्याचा मोबदला मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेस्ला यांना पहिली जमली, दुसरी जमली नाही. उपयोग मात्र थांबला नाही. रात्रीची वीज आली की आज अनेक शेतकरी घरूनच मोबाइल स्टार्टरवर फोन लावतात आणि शिवारातली मोटार सुरू होते. दूरवरून दिलेला बिनतारी हुकूम आणि ब्रशशिवाय फिरणारी मोटार, टेस्ला यांची दोन्ही कामे तिथे एकत्र येतात. अंधारात, साप-विंचवाच्या वाटेने विहिरीवर जाण्याची एक खेप त्यामुळे वाचते. १८९८ मध्ये नौदलाने खेळणे म्हणून बाजूला ठेवलेल्या कल्पनेचे हे काम आहे.