मलिक अंबरची नहर आणि आपली तहान

भिवंडीत उन्हाळा जवळ आला की दोन गोष्टी ठरल्याप्रमाणे घडतात. नळाची धार बारीक होते आणि तिचा दोष बाहेरून आलेल्या माणसांच्या माथी मारला जातो. प्रस्तुत लेखकाच्या वर्गात आझमगढ आणि करीमनगरकडून आलेल्या यंत्रमाग कामगारांची मुले बसतात. सकाळच्या पहिल्या तासाला त्यांतील काहींना हमखास उशीर होतो, कारण पाणी भरल्याशिवाय घर सोडता येत नाही. लोकसंख्या आणि नागरी सोयी हा विषय शिकवीत असता त्यांच्यापैकी एकाने विचारले की, बाहेरून आलेल्या माणसाने एखाद्या गावाला पाणी दिले, असे कधी घडले आहे काय? प्रश्नात उपरोध होता, पण त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. त्या उत्तराचे नाव मलिक अंबर.

मलिक अंबरइतका परका माणूस महाराष्ट्राच्या राजकारणात क्वचितच झाला असेल. १५४८ च्या सुमारास त्याचा जन्म हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. चापू हे त्याचे मूळ नाव. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. तांबड्या समुद्राकाठचे बंदर, मग बगदाद, असा हात बदलत बदलत तो दख्खनेत पोचला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हा स्वतःही हबशी होता. त्याच्या पदरी अंबरने राज्यकारभार आणि युद्धकला यांचे धडे घेतले. १५७५ च्या सुमारास चंगीझखान गेला आणि अंबर मोकळा झाला. पुढे त्याने विजापूरकरांकडे चाकरी केली आणि शतक सरता सरता तो पुन्हा निजामशाहीत परतला.

१६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडले. राजधानी गेली, सुलतान कैदेत गेला आणि निजामशाही संपली असे सर्वांनी धरले. अंबरने तसे धरले नाही. राजघराण्यातील एका वारसाला त्याने परांड्यास गादीवर बसविले आणि मोडलेले राज्य पुन्हा उभे केले. राजधानी परांड्याहून जुन्नरला व तेथून दौलताबादकडे सरकली. पाव शतक त्याने मोगल बादशहांच्या फौजांना दख्खनेत स्वस्थता लाभू दिली नाही. गनिमी काव्याची जी रीत पुढे मराठ्यांनी पूर्णत्वास नेली, तिचा सराव अनेक मराठा सरदारांना त्याच्याच सैन्यात घडला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्रित सैन्याचा पराभव झाला, तेव्हा शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते.

परंतु येथे विचार करावयाचा आहे तो सेनापतीचा नव्हे, वसाहतकाराचा. १६१० मध्ये दौलताबादेजवळ खडकी नावाच्या लहानशा गावी त्याने नवे नगर वसविण्यास घेतले. नावातच खडक असलेली ही जागा. पाऊस बेताचा, कोकणच्या मानाने तिसऱ्या हिश्शाएवढाही नाही. आणि जवळची खाम नदी उन्हाळ्यात आटणारी. अशा ठिकाणी फौज, कारागीर, व्यापारी आणि त्यांची जनावरे यांना आणून बसविणे म्हणजे अवर्षणाला आपण होऊन आमंत्रण देणे होते. त्यातच १६१६ मध्ये मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. दुसरा कोणी असता तर जागा बदलून मोकळा झाला असता. अंबरने गाव पुन्हा उभारले आणि १६१७-१८ च्या सुमारास त्यासाठी नहर बांधली. तीच नहर-ए-अंबरी.

तिची रचना समजून घेण्याजोगी आहे. नगराच्या उत्तरेस हर्सूलच्या बाजूला डोंगर आहेत. तेथे पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. हे मुरलेले पाणी भूमिगत बोगद्यांतून झिरपत गोळा करावयाचे, दगडी बांधणीच्या नळातून केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणावयाचे, तेथे हौदात साठवावयाचे आणि मग खापरी नळांनी वस्त्यांतील हौदांत वाटावयाचे, अशी ही योजना. वाटेत हवा खेळण्यासाठी आणि गाळ काढण्यासाठी तोंडे ठेवलेली. पाणी भूमिगत असल्यामुळे ते उन्हाने उडून जात नसे आणि शत्रूला सहज तोडताही येत नसे. उपसण्यासाठी बैल नको, मोट नको. भांडवल एकदाच गुंतवावयाचे आणि पुढे फक्त देखभालीचा खर्च सोसावयाचा. आजच्या अर्थशास्त्राच्या भाषेत ही सार्वजनिक गुंतवणूक होती.

त्याच्या जमीन महसुलाच्या व्यवस्थेतही हीच दृष्टी दिसते. मक्तेदारीने महसूल वसूल करण्याची पद्धत त्याने बंद केली. मक्तेदाराला रयतेच्या उद्याची फिकीर नसते. आपली मुदत संपण्यापूर्वी जेवढे ओरबाडता येईल तेवढे तो ओरबाडतो. अंबरने जमिनी पाहून त्यांची प्रत ठरविली, प्रत्यक्ष लागवड आणि पीक ध्यानी घेऊन सारा बांधला आणि गावाच्या वतनदारांना वसुलीत जबाबदार धरले. पाऊस लहरी असलेल्या मुलखात सारा पिकाशी जोडणे याचा अर्थ दुष्काळाचा काही भार राज्याने स्वतःच्या खांद्यावर घेणे. तो दयाळू होता म्हणून हे घडले असे मानण्याचे कारण नाही. सतत युद्ध करणाऱ्या राज्याला रयत टिकली तरच खजिना टिकतो, हे त्याला पक्के कळले होते.

१६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, तो वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे. त्यानंतर चारच वर्षांनी, १६३० मध्ये, दख्खनेत तो भीषण दुष्काळ सुरू झाला. माणसे अन्नावाचून मेली, गावे ओस पडली. १६३६ मध्ये निजामशाही संपली. नहर मात्र राहिली. खडकीचे औरंगाबाद झाले, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले; राज्ये बदलली तरी नहरीने पिढ्यान्‌पिढ्या तहान भागविली. पुढे तिचे बरेच भाग बांधकामांखाली गेले, काही गाळाने बुजले. आज त्या शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडी जलाशयातून वीज खर्चून चढावर आणावे लागते, आणि अलीकडच्या वर्षांत अनेक वस्त्यांना ते काही दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे. नहर बांधणारा परका होता. तिची हेळसांड होऊ देणारे मात्र आपण, येथलेच.

आता भिवंडीकडे वळू. अंबरच्या काळी कल्याण-भिवंडीचा मुलूख निजामशाहीतच होता. येथे पाऊस मुबलक, वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर. मुंबईची तहान भागविणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा भिवंडी तालुक्यातील पिसे-पांजरापूर येथून पुढे जातो. म्हणजे आपली टंचाई आभाळाची नव्हे. साठवण, वाटप आणि देखभाल यांची आहे. वऱ्हाळा तलावासारखा जुना ठेवा आपल्याजवळ आहे. त्याच्या काठाने जाताना त्याच्यासाठी आपण काय करतो, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

बाहेरून आलेल्यांनी पाणी संपविले, हे म्हणणे सोयीचे आहे, कारण त्यामुळे येथल्यांची जबाबदारी संपते. वस्तुतः माणसे वाढली की पाणी अधिक लागते, तसेच काम करणारे हात आणि कर भरणारी घरेही वाढतात. या शहराचे माग त्याच हातांनी चालविले. त्या वाढीतून निघणारा पैसा पाण्याच्या कामी लागतो की नाही, हा खरा हिशेब आहे. त्याचबरोबर आलेल्यांवरही एक ऋण आहे. ज्या गावाचे पाणी प्यायचे, त्या गावाच्या तळ्याशी नाते जोडावे लागते. केवळ हंडा घेऊन रांगेत उभे राहून ते फिटत नाही.

वर्गातल्या त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले की, खडकीला पाणी देणारा माणूस तुझ्यापेक्षा कितीतरी लांबून आला होता, आणि आपण होऊन नव्हे तर विकला जाऊन. गाव कोणाचे हे जन्मावरून ठरते, असे आपण मानतो. मलिक अंबरचे चरित्र सांगते की, गाव त्याच्या पाण्याची काळजी वाहणाऱ्याचे असते. या कसोटीवर भिवंडीत परके कोण ठरतील, याचा विचार जुन्या आणि नव्या, दोन्ही रहिवाशांनी करण्यासारखा आहे.