खडकीला पाणी देणारा हबशी

मलिक अंबर यांचा जन्म १५४८च्या सुमारास इथिओपियातला. घरचे नाव चापू. लहानपणीच ते गुलाम म्हणून विकले गेले आणि हात बदलत बगदादला पोहोचले. तिथे मीर कासिम या मालकाने लिहायला-वाचायला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचे वजीर चंगेजखान यांनी त्यांना विकत घेतले. हे चंगेजखान स्वतः एकेकाळचे हबशी गुलाम! त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीने अंबर यांना मुक्त केले.

१६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. निजामशाही संपली असेच सर्वांना वाटले. अंबर यांनी मात्र परांड्यात निजामशाही वंशातील मुर्तजाला गादीवर बसवले आणि कारभार हाती घेतला. १६१०च्या सुमारास खडकी या लहानशा गावाला त्यांनी राजधानी केले. आजचे छत्रपती संभाजीनगर ते हेच.

खडकाळ जमीन आणि पाण्याची टंचाई. राजधानीसाठी ही जागा कुणी निवडली नसती. अंबर यांनी उत्तरेकडील डोंगरांत जमिनीखाली झिरपणारे पाणी शोधले. ते खापरी नळांतून, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले. वाटेत दाब आवरण्यासाठी दगडी बंबे उभारले. ना मोट, ना रहाट. ही नहर-ए-अंबरी पुढे तीन शतकांहून अधिक काळ शहराची तहान भागवत राहिली. (पाणचक्कीही त्यांचीच, असे अनेकजण सांगतात. ती शतकभरानंतरची.)

१६१२ साली मोगलांवरील विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा उभा राहिला. जामा मशिदीचे बांधकामही त्यांनीच सुरू केले. मालपुरा, खेलपुरा, विठापुरा, परसपुरा ही पुऱ्यांची नावे मात्र मालोजी, खेळोजी, विठोजी, परसोजी या मराठा सरदारांवरून पडली. गनिमी काव्याच्या लढाया याच सरदारांच्या घोडदळावर लढल्या जात होत्या. मोगलांनी खडकी जाळली, पण ते परत फिरताच अंबर यांनी ती पुन्हा वसवली.

जहांगीर बादशहाचा त्यांच्यावर इतका राग की अंबर यांच्या छाटलेल्या शिरावर आपण बाण मारतो आहोत, असे चित्र त्याच्या दरबारात रंगवले गेले. चित्राबाहेर ते कधी जमले नाही. १६२४मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या. अंबर यांनी तलावाचा बांध फोडून शत्रूच्या वाटेवर चिखल केला आणि मग हल्ला चढवला. या लढाईत शहाजीराजे त्यांच्या बाजूने लढले. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी तिथेच कामी आले.

१६२६ साली, ऐंशीच्या घरात असताना, अंबर यांचे निधन झाले. मुलगा फतेहखान याने शहराला फतेहनगर म्हटले. १६५३मध्ये औरंगजेबाने आपले नाव दिले. अंबर यांचे नाव राहिले ते नहरीला. खुलताबादला जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्यापासून जवळच त्यांचा मकबरा आहे आणि शेजारी पत्नी बीबी करीमा यांचा.